कोटातला अळू

प्रिय रंगू,

तुमच्याकडे द्राक्षाच्या कामाची घाई असणार, तरी हे पत्र बसून वाच, उभ्या उभ्या वाचू नको. अक्षर माझंच आहे. तिसरीपर्यंत शिकलेली बाई, त्यातली तिसरीही अर्धीच, म्हणून ओळी वर चढल्या असतील तर चढू देत. शेखर म्हणाला, आई, फोन लाव की, पत्र कोण लिहितं आता. मी म्हटलं, तू तुझ्या म्हशी बघ.

आधी आनंदाचं सांगते. आपल्या शेखरची वेदिका बंगल्याच्या भाजीच्या कोटाची मुख्य माळीण झाली. माळीण म्हटलेलं तिला चालत नाही, तिच्या कागदावर इंग्रजीत काहीतरी लांबलचक लिहिलंय, पण मामंजी जे होते तेच माझी नात झाली, एवढं मला कळतं. बंगला हॉटेलवाल्यांनी घेतला हे तुझ्या कानावर असेलच. पाहुण्यांच्या ताटात कोटातलीच भाजी वाढायची, असं त्यांच्या डोक्यात आहे. पोरीला गुडघ्यापर्यंतचे बूट दिलेत. ती आंघोळीला गेली तेव्हा मी ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. शेजारणीने बघितलं, बघू दे. आनंद झाला की माझं असंच होतं. पण गेल्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत त्या बुटांकडे बघवत नव्हतं, कारण कोटही जाणार आणि पोरीची नोकरीही जाणार, असं ठरल्यातच जमा होतं. म्हणून हे सगळं सांगते आहे.

वेदिकाने कोटाचा इतिहास लिहिलाय, बावीस पानं. तीन दिवस माझ्यासमोर मोबाईल ठेवून मला बोलतं केलं. मी काय, बोलायला लागले की थांबते होय? मुंबईच्या शेठला खोकल्याची हवा बदलायची होती म्हणून त्याने गिरणाऱ्याच्या रस्त्याला बंगला बांधला, तिथपासून सगळं सांगितलं. शेठाणीला माकडांनी उष्टावलेली भाजी नको होती, रानडुकरं तर मुळासकट उकरायची, म्हणून तिने भाजीच्या जागेला चारी बाजूंनी काळ्या दगडाची, चुन्यातली, दोन पुरुष उंच भिंत घालून घेतली. दार एवढं बुटकं की शेठलासुद्धा वाकून आत यावं लागायचं. म्हणून आपल्या माणसांनी त्याला कोट म्हटलं. मामंजींच्या वडलांनी आत पहिला वाफा पाडला. थंडीत दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडायची, त्यामुळे बाहेर सगळं करपलं तरी आत टोमॅटो टिकायचा. शेठाणीची ती सॅलडची पानं आठवतात का गं? मीठ नाही, तिखट नाही, शेळीसारखी चघळायची. तू म्हणायचीस, हिच्या घरी चूल नाही वाटतं.

सकाळची टोपलीही सांगितली. एक वांगं, एक मिरची विहिरीच्या दगडावर पाण्यातल्या देवींना, आसरांना, ठेवायची आणि मगच टोपली वर बंगल्यात न्यायची. आपल्या घरात मात्र पडलेलं लिंबूसुद्धा यायचं नाही. मामंजींचा शब्दच होता, कोटातलं बंगल्याचं, चुलीचं रानातून आणा. आणि दुसरा नेम, भिंतीच्या आतल्या अंगाला अडीच हात पट्टी कोरडी ठेवायची. तिथे वाफा नाही, पाट नाही, रोप नाही. भिंतीच्या पायाला पाणी दाखवायचं नाही. हे सगळं वेदिकाने छान लिहिलं. मला वाचून दाखवलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून ऐकत होते, आपलंच आयुष्य कोणी पोथीसारखं वाचतंय म्हणून.

चौदाव्या पानावर तुमच्या घरचं, भाऊजींचं आलं. तिथे लिहिलं होतं की बागेला पाणी भरायचं काम आजोबांचा धाकटा भाऊ पुंजाराम याच्याकडे होतं, एका दुपारी विहिरीवरचं इंजिन चालू ठेवून त्याचा डोळा लागला, सगळा कोट पाण्यात उभा राहिला, आणि त्यानंतर मागच्या भिंतीने पोट काढलं. मी सांगितलं तसं लिहिलं पोरीने. तिचा दोष नाही.

सोमवारी हॉटेलवाल्यांचा इंजिनिअर आला. ललितसाहेब म्हणतात त्याला, आपल्या शेखरपेक्षाही लहान असेल. भिंतीचं पोट बघितलं, डोळे बारीक केले आणि वेदिकाला विचारलं, हे का झालं, काही माहिती आहे का. पोरीने कौतुकाने बावीस पानं काढून दिली. त्याने चौदावं पान दोनदा वाचलं आणि म्हणाला, मॅडम, म्हणजे पाया चारी बाजूंनी भिजलाय. आज ही भिंत फुगली, उद्या ती फुगेल. पाहुणे आत फिरणार, कोणाच्या अंगावर आली तर? शुक्रवारी मशीन पाठवतो, सगळी पाडा. आणि भिंत नसेल तर माकडांपुढे भाजी कशी टिकणार, म्हणून तिथे गाड्या लावायला जागा करायची. वेदिकाला सांगितलं, तुमचं बघू, दुसरीकडे कुठे जमतं का. पोर घरी आली आणि नुसतं एकच म्हणत राहिली, आजी, मीच लिहून दिलं.

रंगू, सोमवारी आणि मंगळवारी तुला फोन केले, आठवतंय? आणि काय बोलले? तुमच्याकडे धुकं पडलं का, मण्यांना तडे गेले का. तू म्हणालीस, बाई, आज तुम्हाला द्राक्षाची फार काळजी. मी फोन ठेवला. बुधवारी परत लावला, तुझ्या भिमाजीने उचलला, त्याच्याशी गाईच्या गोष्टी केल्या. सगळं ओठापर्यंत यायचं आणि तिथून मागे फिरायचं.

शुक्रवारी सकाळी मशीन आलं. बुटक्या दाराशी उभं होतं आणि त्याचा ड्रायव्हर हाताने दाराची उंची मोजत होता. वेदिका मागच्या भिंतीकडच्या लिंबाजवळ, शेखर तिच्यामागे. मी काठी टेकत आत गेले आणि म्हटलं, साहेब, पाणी सगळीकडे नव्हतं. तो म्हणाला, आजी, तुमच्या नातीनेच लिहिलंय ना. मी म्हटलं, नातीने माझं ऐकून लिहिलंय, आणि मी खोटं सांगितलं होतं. शेखर म्हणाला, आई, घरी चल, तुला बरं नाही. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षांत आज बरं आहे, बोलू दे.

तर ऐक. शेखरच्या वेळी मला अळूवड्यांचे डोहाळे लागले होते. आत्याबाईंनी सासूपणा दाखवला, म्हणाल्या, अळूला चिखल लागतो, कोटात चिखल चालत नाही, गप बस. माझ्या माहेरी मोरीपाशी अळू माजलेला असायचा, आणि इथे एवढ्या हिरव्यात मला एक पान मिळेना. मी माहेरून अळूचे तीन कांदे आणले आणि लिंबाच्या मागे, त्या कोरड्या पट्टीत लावले. तिथे कोणी बघायचं नाही, लिंबाचे काटे लागायचे. संध्याकाळी भाऊजी इंजिन बंद करून गेले की पाटात उरलेलं पाणी मी टाचेने बांध उघडून तिकडे सोडायची. शेखर झाला, डोहाळे संपले, पण माझा अळू काही संपला नाही. पाच वर्षं मी रोज भिंतीच्या पायाला पाणी पाजलं. तुला वड्या खाऊ घातल्या, तू बोटं चाटलीस, आणि मी म्हणायची, माहेरून पानं आली.

भिंतीने पोट काढलं तेव्हा आधी मी अळू उपटला, मग रडायला गेले. शेठचा कारभारी बंगल्यातून आला, सगळे आवारात उभे. मामंजींनी विचारलं, पाणी कुठून आलं. आमचे हे आणि भाऊजी समोरच उभे. आणि मी डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हटलं, भाऊजींचा डोळा लागला असंल, परवा दुपारी पाणी लय भरलं होतं. एवढंच. पुढचं कारभाऱ्याने जुळवलं आणि भाऊजींना तिथेच कामावरून काढलं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना अळू ठाऊक होता का, मला आजही सांगता येत नाही. आठवड्याने तुम्ही निफाडला गेलात. मी मनाला सांगत आले की बरंच झालं, तुमची बाग झाली, बंगला झाला, आम्ही आहोत तिथेच राहिलो. पण माणूस स्वतःच्या पायाने जाणं वेगळं आणि चारचौघांत हात धरून घालवणं वेगळं. हे मला तेव्हाही कळत होतं.

ललितसाहेब सगळं ऐकून हसला. म्हणाला, आजी, नातीची नोकरी वाचवायला गोष्ट झकास रचलीत. मला राग आला, खरं सांगते, इतक्या वर्षांनी खरं बोलले आणि तेच खोटं ठरत होतं. मी काठीने दोन दगड दाखवले, इथून इथपर्यंत, पंधरा फूट, त्याच्या पलीकडे माझं पाणी कधी पोचलं नाही. म्हटलं, खणा. पहिला खड्डा दाराशी घेतला. कोरडा मुरूम निघाला, पायाच्या दगडावर पहार खणखणली. साहेब म्हणाला, एक खड्डा काही सांगत नाही. दुसरा समोरच्या भिंतीला, तोही कोरडा. मग लिंबाच्या मागे. पहार टाकली ती लापशीत गेल्यासारखी गेली, काळा चिखल आणि भुसभुशीत झालेला चुना. माझ्या दगडाच्या पलीकडे हातभर सरकून परत खणलं, तर कोरडं. तो तिथेच उकिडवा बसला, मातीचं ढेकूळ बोटांनी चुरलं आणि ड्रायव्हरला हाताने नको म्हणून सांगितलं. पंधरा फूट उतरवून परत बांधायची, बाकी भिंत उभी राहणार. वेदिका माझ्या गळ्यात पडली. शेखर मात्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर आहे, काका त्याला खांद्यावर घेऊन पाटावर न्यायचे.

आता पत्र का, ते. हे साहेबाला कळलं, मशीनवाल्याला कळलं, पोरांना कळलं, आणि ज्यांना आधी कळायला हवं होतं त्या तुम्हा दोघांना शेवटी कळतंय, हे माझं आणखी एक चुकलं. फोनवर मी पुन्हा द्राक्षाचंच बोलले असते. भाऊजींना ऐकूही कमी येतं, म्हणून भिमाजीला मोठ्याने वाचायला सांग, आणि घरात नको, ओट्यावर चार माणसं बसलेली असताना वाचू दे. त्यांना घालवलं ते चारचौघांत. वेदिका चौदावं पान नव्याने लिहिते आहे. ती म्हणते, आजी, तुझं नाव नको, नुसतं पाणी मुरलं असं लिहू. मी म्हटलं, तुझी लेखणी थांबव, ते पुंजाआजोबा सांगतील तसं होईल. रविवारी मी सकाळच्या एस.टी.ने निफाडच्या स्टँडवर उतरते. त्यांनी भेटायचं नाही म्हटलं तर भिमाजीबरोबर तसा निरोप पाठव, मी त्याच गाडीने परत फिरेन, वाईट वाटून घेणार नाही. पण पत्र पुरतं वाचून झाल्याशिवाय त्यांना नाही म्हणू देऊ नको.

तुझीच,
नवसाबाई