काढून ठेवलेलं घड्याळ

पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन केला असता तर "वर्कशॉपात गिऱ्हाईक आहे" म्हणून तू ठेवला असतास, आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी वहिनीने वाचलं असतं. म्हणून हॉस्टेलसमोरच्या स्टेशनरीवाल्याकडे पाकीट मागितलं. "राखीला अजून अवकाश आहे," म्हणाला. आपल्या पुण्यात वस्तूला पैसे पडतात, शेरा फुकट मिळतो.

मी बरी आहे. मेसची भाजी ओळखू येत नाही, पण पोट भरतं. आईचा गुडघा कसा आहे? परवा फोनवर ती गुडघ्याबद्दल कमी आणि तुझ्याबद्दलच जास्त बोलली. मच्छिंद्रच्या घरी दर महिन्याला तू किराणा टाकतोस, त्याच्या आईला येरवड्याला मुलाखतीला घेऊन जातोस, त्याच्या जामिनासाठी वकिलाकडे खेटे घालतोस. "बाप गेला त्याच दिवशी पोराला पोलिसांनी नेलं, पण मित्र असावा तर आनंदसारखा," म्हणाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझ्या कामाचं तू कधी विचारत नाहीस, तरी सांगते. तुझ्या मते मी डॉक्टर होऊन घरोघर फिरून खानेसुमारी करते. एमडीच्या या वर्षी तेही सुटलंय. आमच्या मॅडमना सरकारी संशोधन निधी मिळालाय आणि माझा प्रबंध त्यातच बसवलाय. विषय असा, की नातेवाइकांच्या हातचा मार खाल्लेल्या शिकाऊ डॉक्टरांचं पुढे काय होतं. त्यासाठी काही रुग्णालयांनी आपल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण दिलं. अट एकच, त्यात दिसलेल्या कुणाचंही नाव आम्ही बाहेर सांगायचं नाही. तशी मी सही केली आहे.

तर दिवाळीपासून मी रोज मारहाण बघते. सकाळी चहा घेऊन बसते आणि माणसं माणसांना कशी फोडतात ते बघते. खुर्च्यांनी, हेल्मेटने, ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना असतो ना, त्याने. एका बाईने डॉक्टर मुलीचे केस धरून तिचं तोंड काउंटरवर आपटलं, मग पदराने स्वतःचा घाम पुसला. चित्रीकरणात आवाज नसतो. पहिल्या आठवड्यात मी ओकले. नंतर सवय झाली, आणि मला त्या सवयीची जास्त किळस आली.

प्रत्येक चित्रण दोघींनी वेगवेगळं बघायचं असतं, मी आणि माझ्या वर्गातली श्यामला. दोघींनी एकमेकींना न विचारता तक्ता भरायचा, मग ताडून बघायचं. पहिला हात कुणी उचलला, कशाने मारलं, वॉचमन कुठे होता. वॉचमन बहुतेक चहाला असतो.

दादा, मी लांबण लावते आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

गेल्या महिन्यात एक चित्रण समोर आलं, मागच्या मे महिन्यातलं. दुपारची वेळ, कॅज्युअल्टी. स्ट्रेचरवर एक म्हातारा माणूस, आणि त्याच्यावर वाकून एक पोरगेला डॉक्टर दोन्ही हातांनी त्याची छाती दाबतोय. मागे सातआठ जणांचा घोळका, सगळ्यांची पाठ कॅमेऱ्याकडे. ढकलाढकली सुरू होते. त्यातला चौकड्याच्या शर्टातला एकजण मध्येच थांबतो. डाव्या मनगटावरचं घड्याळ काढतो. ते ठेवायला जागा शोधतो. औषधांच्या ट्रॉलीवरचा कापूस सरकवून त्यावर घड्याळ नीट ठेवतो, काच वर करून. मग सलाइनचा स्टँड उचलतो आणि त्या वाकलेल्या पोराच्या उजव्या कानावर घालतो. पोरगं स्ट्रेचरवर आडवं होतं. तो पुन्हा घालतो, या वेळी मानेखाली. पोरगं खाली घसरतं, बाकीचे लाथा घालायला लागतात. चौकड्याच्या शर्टातला माणूस मागे येतो, ट्रॉलीवरचं घड्याळ घेतो, शर्टाला पुसतो, मनगटावर बांधतो आणि निघून जातो.

चेहरा एकदाही दिसला नाही. मला दिसायची गरजही नव्हती.

पोलिसांनी हेच चित्रण पाहिलं. मारणारा म्हणून त्यांनी मच्छिंद्रला धरलं, कारण म्हातारा त्याचा बाप होता, आपले महिपतीकाका, शर्टही त्याच्याकडे तसाच होता, आणि त्याने "मला काही आठवत नाही" याच्यापलीकडे तोंड उघडलं नाही. तू सगळ्यांना सांगितलंस की तू बाहेर रिक्षा लावत होतास. मलाही सांगितलंस, माझ्या डोळ्यांत बघून.

बाबांचं घड्याळ. कंपनीने सत्कारात दिलेलं, स्टीलचं, आता तू घालतोस ते. बाबा कामावरून आले की आपण त्यांच्या तोंडाकडे बघायचो नाही, मनगटाकडे बघायचो. घड्याळ मनगटावर असेपर्यंत नुसत्या शिव्या. ते टीव्हीवर ठेवलं, काच वर करून, की मग पट्टा. "काच फुटली तर कोण भरून देईल?" हे ते किती शांतपणे म्हणायचे, आठवतं? तुझी पाठ फुटायची त्याचं काही नव्हतं. मला तू खाटेखाली ढकलायचास आणि माझ्या वाटचा मारही खायचास. खाटेखालून मला फक्त तुझे पाय दिसायचे. ते जागचे हलायचे नाहीत.

म्हणून मी तक्त्यात तो भाग कोरा सोडला. सही केलेली मी, डॉक्टर मी, आणि तुझे ते पाय आठवून मी खोटं काम केलं.

मग मी खराडीला गेले. तो पोरगा आता तिथे एका कंपनीत बसून विम्याचे कागद तपासतो. नाव तुला वकिलाकडच्या कागदांत दिसलं असेलच. इंटर्नशिपचा थोडाच काळ राहिला होता, पण पुन्हा वॉर्डात पाय ठेवू शकला नाही. उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्याने मला डाव्या बाजूला बसवलं. मी आमच्या यादीतले प्रश्न विचारत होते. शेवटचा प्रश्न असतो, काही सांगायचं राहिलं आहे का.

तो म्हणाला, "मॅडम, मार लागला त्याचं सोडा. मला एवढंच कळत नाही, त्यांनी मला थांबवलं का? रिदम यायला लागला होता."

दादा, याचा अर्थ नीट वाच. मॉनिटरवर महिपतीकाकांच्या हृदयाचे ठोके दिसायला लागले होते. काका तेव्हा गेलेले नव्हते. ते वाचलेच असते असं मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. पण ज्या हातांनी त्यांना धरून ठेवलं होतं ते हात तू खाली पाडलेस.

तुला काय वाटलं असेल तेही मला कळतं, आणि त्याचाच जास्त राग येतो. छाती दाबताना फासळ्या मोडतात. कडकड आवाज येतो. तुला दिसलं असेल की काका गेले आणि हे कार्टं त्यांच्या देहाला कुटतंय. ज्यांनी तुला वेल्डिंग शिकवलं, बाबांनी हाकललं की ज्यांच्या घरी तू जेवायचास, त्यांना कुणीतरी कुटतंय. तू त्यांच्यासाठी हात उचललास. बाबांसमोर कधी उचलला नाहीस, तो इथे उचललास. हे सगळं मला समजतं, आणि तरी खराडीहून परत येताना बसमध्ये मला तुझी बोटं एकेक करून मोडावीशी वाटली. खोटं नाही सांगत. कुठून सुरुवात करायची तेही मी ठरवलं होतं.

आता जे सांगायला पाकीट आणलं ते.

गेल्या गुरुवारी श्यामला तक्ते ताडायला बसली. तिने शेऱ्यात लिहिलं होतं, "मारण्याआधी घड्याळ काढून जपून ठेवतो. सवय असावी." माझा शेरा कोरा. "भाग्यश्री, हे तुला दिसलं नाही?" मी म्हटलं, नाही. "अगं, इतकं स्पष्ट आहे. पुन्हा बघू या." मी नको म्हटलं. तिने तरी ते लावलं. तू पुन्हा ट्रॉलीवरचा कापूस सरकवलास. ती म्हणाली, "बघ ना, किती शांत आहे हा. घरी बायकापोरांना पण असाच मारत असणार."

मी तिला कपाटावर ढकललं. एकदा नाही, तिचे खांदे धरून दोनतीनदा. कपाटाच्या कडीने तिचं कपाळ फुटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, तेव्हा माझे हात थांबले. टाके मीच घातले. तिने मला घालू दिले, हे तिचं मोठेपण. हातमोजे चढवायच्या आधी घड्याळ काढायला गेले, तर मनगट मोकळं. माझं घड्याळ टेबलावर होतं, तक्त्यांच्या शेजारी. काच वर. कधी काढलं मला माहीत नाही. दादा, खरंच माहीत नाही.

बाहेर मॅडम भेटल्या, कपाळाला काय झालं म्हणाल्या. श्यामला म्हणाली, "दार लागलं, मॅडम. घाईत होते."

आई शेजारणींना काय सांगायची? "दार लागलं जी, घाईत होते." आपल्या घराला एकच दार होतं आणि ते आईला आठवड्यातून दोनदा लागायचं. तिथेच कॉरिडॉरमध्ये मी मॅडमना सांगितलं की दार नाही, मी. आणि या अभ्यासातल्या एका चित्रणात माझा नातेवाईक आहे, मी यापुढे यात काम करू शकत नाही. नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. प्रबंध गेला, नवा विषय मिळेपर्यंत वर्षही जाईल. श्यामलाने तक्रार केली तर त्याहून जास्त जाईल, आणि तिने करावी असं मी तिला म्हटलंय.

संशोधक म्हणून मी तोंड उघडणार नाही, तशी माझी सही आहे. पण पोलिसांकडे ते चित्रण आहेच, आणि बाबांचं घड्याळ ओळखायला मला सही लागत नाही. रविवारी सकाळी मी बिबवेवाडीला येते. आधी दोघं मच्छिंद्रच्या आईकडे जाऊ. तू तिला तुझ्या तोंडाने सांग. किराणा देतोस तसाच समोर उभा राहून सांग. मग मी तुझ्याबरोबर पोलिसांकडे येईन, तू आत असेपर्यंत बाहेर बाकावर बसेन, आणि येरवड्याच्या प्रत्येक मुलाखतीला येईन. नाही आलास तर मी एकटी जाईन. हे मी रागात लिहिलेलं नाही. मच्छिंद्र तुझ्या वाटचा मार खातोय, दादा. खाटेखाली आता तू आहेस.

तुला राग येईल. हे पत्र तू फाडशील, मी आले की दार लावशील, नाहीतर हात उगारशील. आजवर तू मला बोट लावलेलं नाहीस, म्हणून मला तुझी भीती वाटत नव्हती. आता वाटते, तरी येते.

एवढंच कर. रविवारी बाबांचं घड्याळ घालून दारात ये. आणि मारायचंच असेल तर घड्याळ हातात ठेवून मार. एकदा तरी ती काच फुटू दे.

तुझी, आणि बाबांचीही,
भागी