अर्धा तास हात मागे ठेवल्याबद्दल रद्द झालेले तास

दि. १५ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. प्रशिक्षण प्रमुख,
मातृसेवा प्रशिक्षण केंद्र,
लातूर.

विषय : विद्यार्थिनी राजकन्या हनुमंत केंद्रे (जळकोट) यांचे रद्द केलेले ४६ प्रात्यक्षिक तास पूर्ववत धरणेबाबत व मागितलेले हमीपत्र न देणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र क्र. २१७, दि. १० डिसेंबर. २) आपले पत्र क्र. २२३, दि. १२ डिसेंबर.

महोदय,

मी आपल्या केंद्राच्या मुखेड येथील प्रसूती कक्षात स्तनपान सल्लागार असून गेली सहा वर्षे या विषयाच्या विद्यार्थिनींना प्रात्यक्षिक शिकवते. माझे शिक्षण एम.एस्सी. (जीवरसायनशास्त्र) आहे.

१. मंगळवार दि. ९ रोजी आपले निरीक्षक कक्षात आले. सकाळी १०.२० ते ११.०० या वेळेत राजकन्या खाट क्र. ४ जवळ हात मागे ठेवून उभी होती, असे त्यांनी नोंदवले. ही नोंद खरी आहे. त्यापुढे त्यांनी 'निष्क्रिय उपस्थिती' असा शेरा लिहिला. त्या शेऱ्यावरून संदर्भ क्र. १ च्या पत्राने तिचे आजवरचे सर्व ४६ तास रद्द झाले. परीक्षेच्या अर्जाची मुदत १८ तारखेला संपते. पुढची परीक्षा वर्षाने आहे. ही मुलगी महाविद्यालयातील प्रयोगशाळा सहायकाची नोकरी सोडून रोज पहिल्या एसटीने जळकोटहून येते.

२. हात मागे ठेवण्याचा नियम माझा आहे. नवीन मातेजवळ गेल्यावर पहिला किमान अर्धा तास विद्यार्थिनीने मातेला किंवा बाळाला हात लावायचा नाही. फक्त पाहायचे आणि नंतर लिहायचे. हा नियम मला कोणी शिकवला नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः घाईने बाळांची डोकी धरून छातीला लावत असे. लोहा गावची एक माता तिसऱ्या दिवशी मला दारात पाहताच पदर घट्ट ओढून भिंतीकडे वळली. त्यानंतर मी आधी पाहायला शिकले.

३. खाट क्र. ४ वर तारामती ही पहिलटकरीण होती. बाळ तीन दिवसांचे. उजवीकडे थोडे प्यायचे, डावीकडे घेतले की किंचाळायचे. 'डाव्या बाजूला दूध नाही' असा निष्कर्ष कक्षात निघाला होता आणि आदल्या दिवशी एका मदतनीस बाईंनी बाळाची मान मागून दाबून तीन वेळा प्रयत्न केला होता. राजकन्येने चाळीस मिनिटांत पुढील गोष्टी पाहिल्या आणि नंतर वहीत लिहिल्या. बाळ डावा हात हलवते, उजवा अंगाशी धरून ठेवते. भुकेने रडतानाही उजवी मूठ तोंडाकडे येत नाही. डावीकडे पाजताना ते उजव्या कुशीवर येते आणि नेमके तेव्हाच किंचाळते. हे वाचून मी डॉक्टरांना बोलावले. उजव्या बाजूचे गळ्याजवळचे हाड प्रसूतीच्या वेळी मोडलेले निघाले. ते आपोआप जुळते. मात्र त्या कुशीवर दाबायचे नसते. बाळाला मातेच्या बगलेखाली धरून डावीकडे घेतल्यावर ते चौदा मिनिटे प्यायले. त्या वेळी १२.२५ झाले होते. निरीक्षक ११ वाजता गेले होते.

४. त्याच निरीक्षण पत्रकात वर उल्लेखलेल्या मदतनीस बाईंपुढे 'एका तासात नऊ माता, अत्यंत सक्रिय' असा शेरा आहे. माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्यांना कोणी थांबून पाहायला शिकवले नाही, एवढेच.

५. पत्रकात 'नातेवाईकांची तक्रार' असाही उल्लेख आहे. तारामतीच्या सासू पंचफुलाबाई त्या दिवशी एवढेच म्हणाल्या : "अगं बाई, शाळंत मास्तरनं उभी केल्यावानी का उभी हायस? बस की, पाय दुखतेत न्हाई का?" ही चेष्टा होती, आणि बोलता बोलता त्यांनी स्टूल पुढे सरकवले होते. त्यांचा जबाब जोडला आहे.

६. संदर्भ क्र. २ च्या पत्राने माझ्याकडून हमीपत्र मागितले आहे : यापुढे प्रत्येक विद्यार्थिनी तासाला किमान तीन माता हाताळील, आणि दर अर्ध्या तासाला 'विद्यार्थिनीचा हात स्पष्ट दिसेल असा' स्तनपानाचा फोटो पाठवील. हे पत्र मी कक्षात वाचून दाखवले, कारण फोटो ज्यांचे काढायचे त्यांना विचारणे मला आवश्यक वाटले. पंचफुलाबाई म्हणाल्या, "माझ्या सुनंचा फोटू कशापायी? आधार कार्ड काढायलात का?" तारामतीने आणि कक्षातील इतर सहाही मातांनी नकार दिला. त्यांचा नकार मी पुरेसा मानते. आपणही तो मानावा, अशी विनंती नाही, अपेक्षा आहे.

७. सबब मी हमीपत्र देणार नाही. तपासणीत विद्यार्थिनींचे हात पुढे दिसावेत म्हणून त्यांना खोटे काम करायलाही सांगणार नाही. 'हाताळलेल्या मातांची संख्या' या रकान्यात पहिल्या अर्ध्या तासासाठी माझ्या विद्यार्थिनी शून्यच लिहितील. माझ्या जागी दुसरी मार्गदर्शक नेमण्याचा अधिकार आपला आहे, तो मी नाकारत नाही. परंतु मी या पदावर आहे तोवर त्या अशाच शिकतील.

८. राजकन्येचे ४६ तास मी नोंदवहीशी ताडून आज प्रमाणित केले असून तिने परीक्षेचा अर्ज आज सकाळी परीक्षा मंडळाकडे दाखल केला आहे. आपल्या मंजुरीची जागा रिकामी आहे. मंडळाने ती भरून आणण्यास १८ तारखेपर्यंत वेळ दिला आहे. प्रमाणपत्रावरील माझी स्वाक्षरी मी मागे घेणार नाही.

तरीही तास रद्दच ठेवायचे असल्यास तसा लेखी आदेश सकारण द्यावा. कारण लिहिताना सोबतचा डॉक्टरांचा अहवाल समोर ठेवावा, आणि दि. ९ रोजी सकाळी १०.२० वाजता राजकन्येने त्या बाळाला कोणत्या कुशीवर दाबायला हवे होते, तेही त्यात नमूद करावे.

नम्रपणे नकार देणारी,

(स्वाक्षरी)
उज्वला रामलिंग बिरादार
स्तनपान सल्लागार व मार्गदर्शक, मुखेड

सोबत :
१. राजकन्या केंद्रे यांच्या निरीक्षण वहीची प्रत, पाने ४.
२. डॉक्टरांचा अहवाल (मातेच्या लेखी संमतीने).
३. पंचफुलाबाई यांचा जबाब, अंगठ्यासह.
४. हमीपत्राचा नमुना, न भरता परत.