अक्कांचा तरवडाचा काढा

राजाजीनगर, ७ नोव्हेंबर १९५९. संध्याकाळ.

जीव थाऱ्यावर नाही. आमच्या मोठ्या वन्सं, अक्का, यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम आज आणखी काळी दिसली. मधुमेहावर डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सांगितलीय, पण त्या तरवडाच्या फुलांच्या काढ्यावरच अडून बसल्यात.

आजही देवनहळ्ळीहून मागवलेली वाळकी पिवळी फुलं त्यांनी स्वतः निवडली, पाणी निम्मं होईतो उकळलं, गाळलं. मला राहवेना.

"अक्का, यानं जखम भरत नाहीये. तो अंगठा बघा तरी!"

"स्वल्प थांब गं. आमची आई आयुष्यभर हेच प्यायली."

"आणि शेवटी त्यांचा पाय कापावा लागला, ते?"

तोंडातून निघूनच गेलं. कशाला बोलले मी? पण खोटं थोडंच होतं? अक्कांनी वाकून अंगठ्याकडे पाहिलं. मग काढा प्यायल्या, पेला विसळून ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या डॉक्टरांना बोलाव. पण टोचताना माझा हात तू धरायचास."

या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. मी हो म्हटलं. सुई बघितली की मलाच भोवळ येते, हे त्यांना कुठे ठाऊक आहे!