पाण्याच्या कागदाला पाचपैकी पाच

१४ जून २००४, सोमवार. सायंकाळी ६

हिंगोलीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग संपवून सेनगावला परत. विषय: माहितीपर वाचन. बाकीचे मास्तर मागच्या बाकांवर डुलक्या घेत होते. मी एकटा जागा. (दुसऱ्या दिवशी दुपारी थोडा डोळा लागला, पण ऐकू येत होतं.)

एकदम पटलं. आपली पोरं कविता घडाघडा म्हणतात, पण बियाण्याच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. हे बदलायचं. यंदा माझ्याकडे नववी.

मी स्वतःची पद्धत तयार केली आहे. सात पायऱ्या. १ शीर्षक, २ तारीख, ३ कोणी कोणाला लिहिलं, ४ अवघड शब्द, ५ मुख्य मुद्दा, ६ निष्कर्ष, ७ मग आपण काय करायचं. सातवी पायरी ट्रेनिंगमध्ये नव्हती, ती माझी. 'औंढेकर पद्धत' असं नाव चालेल. पुढेमागे पुस्तिका. जिल्हा पुरस्कारासाठी उपक्रम लागतोच.

गुंजनला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, पेपर तरी पूर्ण वाचत जा आधी, हेडिंग बघून टाकून देता. बायकोला पद्धत कळायला वेळ लागेल.

१७ जून, गुरुवार

सुरुवात केली. पटावर ४१, हजर २९. सगळ्यांना सांगितलं, सोमवारी घरातला एक छापील कागद आणायचा. गोष्टीचा नको, माहितीचा.

देविदासनं विचारलं, बिडीच्या बंडलावरचा चालंल का. वर्ग हसला. मी हसलो नाही. शिस्त.

२१ जून, सोमवार

कागद आले. लग्नपत्रिका नऊ. खताच्या गोणीचा कापलेला तुकडा एक (ओमप्रकाश, हुशार मुलगा). एसटीचं टाइमटेबल. बिडीच्या बंडलाचा कागद खरंच आला.

सगळ्यांत उत्तम कागद मिना राठोडचा. तांड्यावरची मुलगी, शेवटून दुसऱ्या बाकावर बसते, बोलत नाही. तिचे वडील प्रेमसिंग ग्रामपंचायतीत मेंबर आहेत. त्यांना पंचायतीतून मिळालेला, तांड्याच्या विहिरीच्या पाणी तपासणीचा कागद. देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलेला होता म्हणे. शीर्षक, जावक क्रमांक, तारीख, तक्ता, शिक्का, सही, सगळं आहे! ट्रेनिंगमध्ये यालाच 'खरं साहित्य' म्हणत होते.

सेनगावात झेरॉक्स काढून आणल्या. बेचाळीस. स्वखर्चाने.

२४ जून, गुरुवार

झेरॉक्स वाटल्या. पहिल्या दोन पायऱ्या. शीर्षक अधोरेखित करा, तारखेला गोल करा. पोरं मन लावून गोल करत होती. असा वर्ग दहा वर्षांत पाहिला नाही.

मिना मध्येच उभी राहिली. म्हणाली, "सर, खाली शिक्क्यात 'पिण्यास अयोग्य' लिहिलंय. आमी तर हेच पाणी पिऊन राहिलो."

मी तिला नीट समजावलं. निष्कर्ष ही सहावी पायरी आहे. आपण दुसरीवर आहोत. थेट शेवटाकडे उडी मारणं ही वाचनाची वाईट सवय आहे. ती आणखी काही बोलणार होती, पण बसली.

नाउमेद होऊ नये म्हणून तिचा मूळ कागद लगेच तपासून परत दिला. शीर्षक आणि तारीख दोन्ही अचूक. लाल पेनानं वर 'बरोबर', ५ पैकी ५, खाली माझी सही. तिनं कागदाकडे बराच वेळ पाहिलं. आनंद झाला असणार.

२ जुलै, शुक्रवार

काम जरा सावकाश चाललंय. तिसऱ्याच पायरीला आठवडा गेला. दोष माझा नाही. मध्येच जनगणनेच्या जुन्या याद्या लिहायला लावल्या, मग शाळेच्या कुंपणाची मीटिंग.

आनंदाची बातमी! १६ तारखेला विस्तार अधिकारी शाळा पाहायला येणार. हेडसर म्हणाले, तुमचा पाठ ठेवू. मी ठरवलं, नवीन पायरी घ्यायची नाही, याच तीन पक्क्या करायच्या. अधिकाऱ्यासमोर पोरं अडखळली नाही पाहिजेत.

हेडसरांनी झेरॉक्स हातात घेऊन विचारलं, "औंढेकर, हा कागद खरा आहे का?" म्हटलं, सर, खरं साहित्य, ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलंय. ते म्हणाले तसं नाही, आणि तेवढ्यात फोन आला म्हणून गेले. वरिष्ठांना नव्या गोष्टी पटायला वेळ लागतो.

९ जुलै, शुक्रवार

पाऊस. शाळेला जाताना जीपमध्ये सतरा माणसं, मी टपाच्या शिडीवर. कपडे चिखलात.

तांड्यावरची सहा पोरं गैरहजर. मिनापण. निंदणीला गेली असणार. ऐन पाठाच्या तोंडावर! पालकांना शिक्षणाचं गांभीर्य नाही. चिठ्ठी पाठवली: पाल्यास १६ तारखेस अवश्य पाठवावे.

१२ जुलै, सोमवार

सहाही गैरहजर. ओमप्रकाश म्हणाला, तांड्यावर उलट्या-जुलाब चालू आहेत, दोघा-तिघांना सेनगावला सलाईन लावलंय. म्हटलं, पावसाळ्यात चालायचंच, उघड्यावरचं खाऊ नका. मग तिसऱ्या पायरीची तालीम घेतली. पाठासाठी मिनाला पुढच्या बाकावर आणणार होतो, तिच्याऐवजी ओमप्रकाशला बसवलं.

दुपारी एकदा वाटलं, तांड्यावर जाऊन यावं. पण पाऊस होता, आणि तक्ते रंगवायचे होते.

१६ जुलै, शुक्रवार. सायंकाळी ५

पाठ झाला. सगळं लिहितो.

विस्तार अधिकारी साडेअकराला आले. शांत माणूस, चष्मा गळ्यात. ओमप्रकाशनं शीर्षक सांगितलं, तारीख सांगितली, कोणी कोणाला लिहिलं ते सांगितलं. न अडखळता. मी फळ्यापाशी उभा होतो, ऊर भरून आला होता.

साहेबांनी झेरॉक्स हातात घेतली. चष्मा लावला. वाचत राहिले. बराच वेळ. मग वर्गाला विचारलं, "मग पाणी कसंय रे?"

पोरं आपापल्या गोलाकडे बघायला लागली. त्यांनी परत विचारलं. ओमप्रकाश उभा राहिला. म्हणाला, "साहेब, ते सहाव्या पायरीत येतं. आमी अजून तिथं गेलो न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हा तांडा कुठला, म्हणाले. सांगितलं. तिथली पोरं कुठायत? गैरहजर, साहेब. का? मी म्हटलं, निंदणी. मागून देविदास बोलला, "निंदणी न्हाई साहेब, समद्याले हगवण लागलीय."

साहेबांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातली. हेडसरांना म्हणाले, गाडी काढा, दवाखान्यात जायचंय. चहा घेतला नाही. पोहे केले होते, तेही तसेच राहिले.

मी हेडसरांना म्हटलं, साहेब इम्प्रेस झालेले दिसतात. हेडसर मागे न बघता गाडीकडे गेले.

परतीच्या जीपमध्ये बसायला जागा मिळाली. पिशवीत उरलेल्या झेरॉक्स होत्या. एक काढली आणि वाचली. वरपासून खालपर्यंत. तसं मी अजून वाचलंच नव्हतं. शिकवणाऱ्याला गरज नसते असं वाटलं होतं.

नमुना दूषित. पिण्यास अयोग्य. पाणी शुद्ध केल्याशिवाय वापरू नये. तारीख २८ मे. त्या तारखेला माझ्या सगळ्या पोरांनी गोल केलाय.

१७ जुलै, शनिवार

तांड्यावर डॉक्टर आले आहेत. विहिरीत पावडर टाकली. पंचायतीनं टँकर पाठवला.

मिनाची आजी नानीबाई गुरुवारी गेली. म्हणजे पाठाच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी दुपारी मी तक्त्याला किनार लावत होतो.

मुद्दे नीट लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर. एक, कागद आधी पंचायतीत आला, माझ्याकडे नाही. दोन, पावडर टाकणं ग्रामसेवकाचं काम. तीन, मी भाषेचा शिक्षक. चार, म्हातारी पंच्याहत्तरची होती.

चौथा मुद्दा खोडला.

गुंजनला चारही वाचून दाखवले होते. तिनं फक्त एवढंच विचारलं, त्या मुलीनं तुम्हाला सांगितलं होतं ना? मी म्हटलं, तिनं पायरी सोडून विचारलं. गुंजन उठून आत गेली.

२१ जुलै, बुधवार

तांड्यावर गेलो. जायला नको होतं असं वाटतं, जायला हवं होतं असंही वाटतं.

काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. दुःखात सहभागी आहे, शाळेतर्फे काही लागलं तर सांगा. प्रेमसिंग ओट्यावर बसले होते, डोकं भादरलेलं. मला पाहून उठले, सतरंजी टाकली. मिना दारात उभी होती. एवढीशी झाली होती. तिलाही दोन दिवस सलाईन होतं.

प्रेमसिंग स्वतःच बोलले. "पोरगी म्हणून राहिली व्हती, बा, पाणी खराब लिहिलंय. दोनदा म्हणली. मी कागद हातात घेतला. म्या तर दुसरी शिकलेलो, पण लाल पेन वळखतो. वर 'बरोबर' लिहिलेलं, पाचपैकी पाच, खाली तुमची सही. मी म्हणलं, येडी का काय, सरांनी तपासून दिलंय. पाणी पास झालंय. चार घरी दाखवून आलो. माय घाबरत व्हती प्यायला, तिलाबी दाखवलं."

 वाटेत ठरवलेली वाक्यं मी मनात परत जुळवत होतो.

ते म्हणाले, "आता तुमाला काहून तकलीफ द्यावी. कुठंतरी आमचंच समजायला चुकलं."

मी म्हटलं, नाही, प्रेमसिंगभाऊ. मी तो कागद वाचलाच नव्हता. नुसतं शीर्षक आणि तारीख बघून सही केली होती.

ते हसले. खरोखर हसले, माझी समजूत घालत. "असं कसं होईल सर? तुमी मनाला लावून घेऊन राहिले. शिकलेला माणूस वाचल्याबिगर सही करत असतो व्हय?"

मी परत सांगितलं. ते मान हलवत राहिले. मला मोठेपणा देत होते, मी तो कुठे ठेवू कळेना.

तेव्हा दारातून मिना म्हणाली, "बा, सर खरं सांगून राहिले."

आवाज चढवला नव्हता. रागही नव्हता. वर्गात शीर्षक कोणतं विचारल्यावर सांगावं तसं सांगितलं. प्रेमसिंगांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर त्यांनी खाली पाहिलं आणि सतरंजीची घडी पडलेली कड सरळ करत बसले.

चहा ठेवलेला होता. कुणी घ्या म्हणालं नाही. मी थोड्या वेळानं उठलो. साडेपाचची जीप चुकली. चालत फाट्यापर्यंत आलो.

२६ जुलै, सोमवार

हेडसरांना अर्ज दिला की मला नववी नको, पाचवी द्या. त्यांनी वाचला. पूर्ण वाचला, मी बघत होतो. म्हणाले, नववीच घ्या. अर्ज परत दिला.

पुस्तिकेच्या वहीत बावीस पानं लिहून झाली होती. पुढची कोरी आहेत, गुंजनला हिशेबाला दिली.

२ ऑगस्ट, सोमवार

मिना शाळेत आली. सकाळच्या पहिल्याच तासाला. केस विंचरलेले, गणवेश ढगळ होत होता. ओमप्रकाशनं जागा दिली, ती मागच्या बाकावरच बसली.

 मी पुस्तकातला धडा काढला आणि मोठ्यानं वाचायला लागलो. नेहमीप्रमाणे पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मिना बघत नव्हती. पुस्तकावर बोट ठेवून बसली होती. मी शब्द उच्चारला की तिचं बोट त्या शब्दावर थांबे, तोच छापलाय का बघे, मग पुढे सरके. तिसऱ्या ओळीत मी घाईत एक शब्द गाळला. बोट तिथंच राहिलं. ती मान वर न करता थांबली.

मी मागे जाऊन तो शब्द वाचला. मग बोट हललं.

तासभरात पाऊण पान झालं.