केरवेलची नवरी

पॅरिस, १४ मार्च १८४४

प्रिय तेफनी,

गेल्या ईस्टरपासून तुझं पत्र नाही. रागावली आहेस, आणि का ते मला ठाऊक आहे. तरी हे पत्र चुलीत घालू नकोस, आणि सोबतच्या पुडक्यातलं चित्र तर मुळीच नको. त्या चित्रापायी तुझी आई परवा कारखान्यात भांडली आणि जिंकलीसुद्धा.

आमचं काम तुला माहीत आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं छापून येतात ती नुसत्या काळ्या रेघांची. समोर चित्रकाराने स्वतः रंगवलेला नमुना टांगलेला असतो, आणि लांब टेबलाशी आम्ही आठ बायका, प्रत्येकीकडे एकच रंग. कागद हातोहात पुढे सरकतो. माझ्याकडे पिवळा. सहा वर्षांत माझा पिवळा एकदाही रेघेबाहेर गेलेला नाही. मादाम कुर्तां, आमची मुकादमीण, नव्या बायकांना माझ्या पाठीशी उभं करून म्हणते, "हिचा हात बघा." मी मान वर करत नाही, पण ऐकू सगळं येतं.

यंदाचं पुस्तक आपल्या ब्रिटनीच्या पोशाखांचं आहे. मंगळवारी सकाळी नवं चित्र आलं: विहिरीच्या कठड्याला टेकून उभी असलेली एक बाई. तिच्या चोळीवरची नक्षी पाहिली आणि माझा हात थांबला. डावीकडे भरतकामाच्या कड्या नऊ, उजवीकडे आठ. पोरी, जगात अशी चोळी एकच आहे. तुझ्या लग्नाच्या घाईत मी एक कडी विसरले होते आणि तू म्हणाली होतीस, "राहू दे गं आई, कोण मोजतंय!" मोजल्या बाई एकाने. मग तुझं जुनं पत्र आठवलं. कुणी चित्रकार आपल्या केरवेल गावात आला होता, त्याने तुला चांगली चोळी घालून यायला सांगितलं. चोळी तू बदललीस, डोक्यावरची टोपी मात्र बदलली नाहीस. ती पिवळीच होती, नवरा गेलेल्या बाईची. त्या भल्या माणसाने लग्नाची चोळी पाहिली, पिवळा रंग पाहिला, आणि चित्राखाली कोरून ठेवलं, 'केरवेलची नवरी'.

मी ब्रश खाली ठेवला. मादामला म्हटलं, "आमच्याकडे ही टोपी विधवेची. नवरीच्या डोक्यावर मी पिवळा लावणार नाही." लिओन्तीन म्हणून एक आहे, तांबड्यावर बसते, तिच्या जिभेला हाड नाही. माझ्या डोक्यावरच्या तसल्याच पिवळ्या टोपीकडे बघून म्हणते कशी, "अगंबाई, म्हणजे तू रोज सकाळी नवरी बनून येतेस होय!" सगळं टेबल हसलं. मादाम हसली नाही. "तुला रंग लावायला ठेवलंय, अक्कल लावायला नाही. नमुना म्हणजे नमुना. जमत नसेल तर दार तिकडे आहे." या वयात दुसरीकडे कोण ठेवणार मला? पण त्या कागदावर तू होतीस. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. सहाशे कागद माझ्यापाशी अडले. आणि गंमत बघ, लिओन्तीननेच तांबडा ब्रश पुसून बाजूला ठेवला. "पिवळ्याशिवाय मी पुढे काय रंगवू, माझं कपाळ? बोलवा त्या चित्रकाराला."

दुपारी चित्रकार मस्यू ओबेर्तेल आले. भला माणूस. मी कड्या मोजून दाखवल्या, एक कडी माझ्याच हातून राहिली हेही सांगितलं. "ही माझी मुलगी," म्हणताना माझी मान इतकी ताठ झाली की मादामने मला खुर्ची दिली. ते कानापर्यंत लाल झाले. "मला तो सणाचा रंग वाटला हो. आता तुम्हीच सांगा. खालचं नाव खोडून 'विधवा' कोरता येईल. नाहीतर नाव राहू दे, टोपी बदलू." सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायचं तर विहिरीवर विधवाच उभी होती. पण माझ्या तोंडून निघालं, "टोपी बदला."

आता हे पत्र का लिहिते आहे ते सांगते. तुझा गोल्वेन होडीसकट बुडाला तेव्हा तू तेवीस वर्षांची होतीस. केशराच्या पाण्यात ती टोपी मीच रंगवली, मीच तुझ्या डोक्यावर बसवली. आपल्या घरातल्या बायका ही मरेपर्यंत उतरवत नाहीत, हे बोलणारी मीच. गेल्या ईस्टरला गावच्या सोयरिकी जुळवणारे शिंपीबाबा दोरखंडवाल्या एर्लेचं मागणं घेऊन तुझ्याकडे आले, तू मला विचारलंस, आणि मी दोन ओळींत नाही म्हणून मोकळी झाले. त्याच बाईला परवा परक्या माणसाने विचारलं, तर तिने तुला सहाशे पुस्तकांत नवरी करून टाकलं. मग तुझ्या स्वतःच्या घरात तू नवरी का होऊ नयेस? मी चुकले, तेफनी. चित्रातली टोपी आता नवरीची आहे, पांढरी. पांढरा रंग आमच्या डबीत नसतो. कागद कोरा सोडायचा, बस. सहाशे वेळा त्या टोपीवरून मी हात आवरता घेतला, आणि त्यातलं पहिलं चित्र तुला पाठवते आहे. एर्ले अजून थांबला असेल, आणि तुझ्या मनात असेल, तर शिंपीबाबांना सांग की आईचा होकार आहे. मी लग्नाला येईन. टोपी पांढरी शीव. चोळीची राहिलेली कडी मात्र भरू नकोस, ती आता तशीच छापली गेली आहे.

तुझीच, पिवळ्या रंगाची बाई,
आई कोरांतीन