बाबांच्या कपातला पाला

प्रिय शेंडेफळ,

फोनवर माझा आवाज चढला की तू कट करतेस, म्हणून पत्र. आता मुकाट्याने वाच.

तू विकतेस त्या झाडपाल्याच्या चहाच्या पाकिटावर आईचा फोटो छापलास. छान दिसते. पण खाली ‘कुणालाही, कधीही चालतो’ हे कुणाला विचारून लिहिलंस? आईने असं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारीण नुसत्या खोकल्यावर तिचा काढा मागायला आली तरी आधी उलटतपासणी: दवाखान्याची कुठली गोळी चालू आहे? दिवस गेलेत का? उत्तर अडखळलं की नुसतं गरम पाणी पाजून डॉक्टरकडे पिटाळायची. रस्त्याकडेचा रानपुदिना तिने कधी खुडला नाही, तिथे तणनाशक मारतात म्हणून. तिच्यामागे टोपली घेऊन तू एवढी हिंडलीस, पण पानं तेवढी शिकलीस. प्रश्न विचारायचे सोडून दिलेस.

राग येतोय ना? येऊ दे. माझ्या तर अंगाचा तिळपापड झालाय.

बाबांच्या हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्या उशाशी तूच बसली होतीस. तरी डझनभर पाकिटं धाडलीस! बाबा ते दिवसातून तीनदा पितात, लेकीचा चहा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यापुढे मिरवतात. सोमवारी दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं, तर दुपारपर्यंत रक्त थांबेना. टॉवेल भिजला. दवाखान्यात नेलं, तर रक्ताच्या तपासणीचा आकडा बघून डॉक्टरीणबाई चपापल्या. झाडपाल्याचं काही घेता का, असं त्यांनी स्पष्ट विचारलं. आणि खोटं बोललो म्हणून आपल्याला चोप देणारे आपले बाबा शांतपणे ‘नाही’ म्हणाले.

मी तिथेच सगळं सांगून टाकलं. अशा पाल्याने गोळीचा जोर वाढतो, चहा आजपासून बंद, असं बाईंनी बजावलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, पोरीचं नाव घालवलंस. मी पाकिटं फेकली, तर आज सकाळी त्यांच्या शर्टांच्या घडीत आणखी दोन सापडली. एक फोडलेलं होतं. माझं ते ऐकणार नाहीत गं, आणि मला भीती वाटते. म्हणून लिहिलं. पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि तुझ्या तोंडाने सांग, की बाबा, माझं चुकलं, हा चहा तुमच्यासाठी नाही. तुझ्यासाठी ते खोटं बोललेत. त्यांच्यासाठी तू एकदा खरं बोल.

चिडलेली, पण तुझीच,
ताई