शिवणीवरची लाख

बाबा, आज कोर्टात माझी साक्ष झाली. तुमच्याच मालखान्याचं रजिस्टर काखेत घेऊन गेलो होतो. तुम्ही गेल्यावर मला अनुकंपेवर घेतलं. बारावी अर्धवट राहिलेल्याला दुसरीकडे कोणी घेतलं असतं? आता तुमच्याच ठाण्यात, तुमच्याच लोखंडी टेबलाशी बसतो. गुन्ह्यात जप्त झालेला माल आला की कापडात शिवतो, शिवणीवर लाख वितळवून मोहर उठवतो, नोंद करतो, आणि तारीख लागली की जसाच्या तसा कोर्टात नेतो. तुमच्या वेळचे हेडकॉन्स्टेबल दीवानजी अजून आहेत. म्हणतात, "लौंडा बाप पे गया है, कॉमा भी गिन के लगाता है." ऐकायला बरं वाटतं, पण मी तुमच्यासारखा नाही. तुम्हाला भीती वाटत नसे. मी कुलूप लावून शिंदे की छावनीपर्यंत पोचतो आणि ते ओढून बघायला परत जातो.

मोहर उठवायला शिकलो ते आपल्या स्वयंपाकघरात. त्या उन्हाळ्यात कैरीचं लोणचं मुरायच्या आधीच संपायला लागलं होतं, आणि तुम्ही सरळ बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्यावर लाख लावायला घेतलीत. गॅसवर जुन्या पळीत लाख वितळते आहे, घरभर तो जळका वास, आई नाकाला पदर लावून उभी. "अहो, लोणचं आहे ते, खुनाचा माल नाही!" "खुनाचा माल कोणी पोळीबरोबर खात नाही," तुम्ही म्हणता, आणि जुन्या वर्दीचं पितळी बटण लाखेवर दाबता. तसाच एक ठसा कागदावर घेऊन खिशात ठेवता. चौथ्या दिवशी मी दादरा सोडला, चार फोडी खाल्ल्या, आणि त्याच बटणाने पुन्हा मोहर उठवली. संध्याकाळी तुम्ही खिशातला कागद बरणीशेजारी धरलात. तुमच्या ठशात बटण सरळ होतं, माझ्यात जरासं तिरकं. तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "लोणचं खाल्लंस, ते तू आणि तुझी आई बघून घ्या. पण परत लाख लावलीस, ते तू आणि मी. तुटलं तर तुटलं म्हणून सांगायचं." मग माझं मनगट धरून जुन्या धोतराच्या तुकड्यावर दहा ठसे काढून घेतलेत. दहावा सरळ आला तेव्हा तुम्ही हसलात, आणि आईकडे माझ्यासाठी लोणच्याची फोड मागितलीत.

तुमची दुसरी शिकवणही मला पाठ होती. एकदा मालखान्यात मी एका गाठोड्यावर फुंकर मारली, तर तुम्ही पटकन माझ्या तोंडासमोर हात धरलात. "फळी पूस, पार्सल पुसू नकोस. धूळ बसली आहे म्हणजे कोणी हात लावलेला नाही." पाठ असूनही चुकलो, म्हणून तर लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी किला गेटजवळ एका शिंप्याचा खून झाला. त्याच्या अंगातला शर्ट माझ्याकडे आला. त्याने स्वतःच शिवलेला. त्याची बायको दर तारखेला कोर्टात येते, आणि मी दिसलो की एकच विचारते, "भैया, इनकी कमीज सँभाल के रखी है न?" मी म्हणतो, "हाँ भाभी, जैसी आई थी वैसी ही है." गेल्या आठवड्यात साक्षीचं समन्स आलं, म्हणून पार्सल उतरवलं. तिन्ही मोहरांवर धूळ. जजसाहेबांसमोर असं मळकट न्यायचं कसं, असं मनात आलं, आणि मी जुना टूथब्रश घेतला. थंडी कडाक्याची होती. थंडीत लाख काचेसारखी होते हे मला ठाऊक आहे, बाबा. मधली मोहर टचकन उडाली, दोन तुकडे होऊन टेबलाखाली गेली.

आता ज्याच्यावर आरोप आहे त्याचा वकील म्हणू शकतो, पार्सल उघडलं होतं, शर्ट बदलला, रक्त मागाहून लावलं. दीवानजींनी बघितलं आणि दार लोटून घेतलं. "अरे महाराज, दो बूँद टपका और मोहर मार. किसे पता चलेगा?" मी टेबलाखालचे तुकडे वेचायला वाकलो. "उस औरत का सोच. तेरी ईमानदारी से वो आदमी छूट गया तो?" मी मेणबत्ती लावली, लाख वितळवली, शिवणीच्या वर धरली. ठसा अगदी सरळ आला असता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मेणबत्ती विझवली. रजिस्टरात लिहिलं, साफ करताना माझ्या हातून मोहर तुटली. तुकडे लिफाफ्यात घातले, दीवानजींची सही मागितली. सही करत म्हणाले, "तेरे बाप ने भी मुझे जिंदगी भर ऐसे ही दुखी किया."

आज आरोपीच्या वकिलाने विचारलं, "सील टूटी हुई है. किसने तोड़ी?" मी म्हणालो, "मैंने." जजसाहेब म्हणाले, "ज़ोर से बोलिए." पुन्हा म्हणालो. वकील हसला, "हुज़ूर, अब इस कमीज का क्या भरोसा?" जजसाहेबांनी उरलेल्या दोन मोहरा पाहिल्या, लिफाफ्यातले तुकडे पाहिले, रजिस्टर वाचलं, आणि बराच वेळ काही लिहून घेत होते. त्याचं काय होईल ते निकालातच कळेल. शिंप्याची बायको आत सगळं ऐकून बाहेर बाकावर बसली होती. "भैया, आपने ऐसा क्यों बोल दिया?" "भाभी, मुझसे ही टूटी थी." तिने माझ्या हातांकडे बघितलं. "कमीज तो वही है न?" मी म्हणालो, "वही है." तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

आईला एवढंच सांगितलं की साक्ष झाली. ती म्हणाली, "यांच्यासारखा खणखणीत बोललास ना?" मी हो म्हटलं. हा कागद पाठवायला कुठे जागा नाही, तेव्हा खरं इथेच लिहितो. जजसाहेबांना वाटलं मी घाबरून हळू बोललो. घाबरलो होतोच. पण पहिल्यांदा "मैंने" म्हटलं ते मुद्दाम हळू म्हटलं होतं, कोणाला ऐकू गेलं नाही तर बरं, म्हणून.